मेट्रनचे दहा दिवस

येरवड्याच्या त्या गल्लीत घड्याळ कुणी बघत नाही. सकाळी सहाला नळ येतो आणि सहा वाजून पाच मिनिटांनी गोदाबाईच्या खिडकीखाली बादली आपटते. स्टीलची बादली, बुडाला पोचे, कडीला सुतळी गुंडाळलेली. आपटणारी बाई म्हणजे गोदाबाईची धाकटी जाऊ, चंद्रभागा. समोरच्याच दारात राहते. तेवीस वर्षं झाली, ती रोज ही बादली तिथंच आपटते आणि तेवीस वर्षांत ती गोदाबाईशी एक शब्द बोललेली नाही. जे काय सुनवायचं असेल ते बादलीला सुनवते.

"काय गं बादले, काही लोकांला झोप कशी लागती गं?"

आत गोदाबाई मिश्री लावत असते. ती भिंतीला सांगते, "भिंती, त्या बादलीला म्हनावं, बूड फाटंल."

याला त्या दोघी अबोला म्हणतात.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. थोरला सीताराम, गोदाबाईचा, वारला. धाकटा गेनबा दिवसभर चौकातल्या कट्ट्यावर बसून असतो आणि या भांडणात त्याचं मत कुणी कधी विचारलेलं नाही. सीताराम गेला तेव्हा चंद्रभागेनं आठ दिवस दोन्ही वेळचं जेवण पाठवलं. ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि ताटालाच सांगायची, "आमटीत मीठ कमी हाय, घ्या म्हनावं वरनं." गोदाबाईनं घेतलं वरनं. पण बोलली नाही.

गोदाबाई महापालिकेच्या एका सूतिकागृहात बत्तीस वर्षं आया होती. फरशी पुसायची, बेडपॅन उचलायचे, कळा देणाऱ्या बाईची कंबर दाबायची आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्याला सांगायचं, "गप बसा. आत आलात तर तुम्हालाच टेबलावर घेतील." नवी शिकाऊ डॉक्टरीण पुस्तकातलं काही बोलायला लागली, की गोदाबाई फडकं पिळत पिळत म्हणायची, "म्याडम, डोकं दिसाय लागलंय. पुस्तक मिटा." डॉक्टर बदलले, शिस्टरा बदलल्या, फिनेलचा ब्रँड बदलला. गोदाबाई बदलली नाही. तिचं वैद्यकशास्त्र दोन ओळींचं होतं: पोट घट्ट बांधा, आणि चौथ्या दिवशी उठा.

ही दुसरी ओळच चंद्रभागेला भोवली.

झालं असं, की त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये गोदाबाईला एक केस कमी पडत होती. त्या काळी मार्च उजाडला की सरकारी नोकरीतल्या माणसाला समोरच्या बाईचं तोंड दिसेनासं व्हायचं, फक्त पोट दिसायचं. कुटुंबनियोजनाचं टार्गेट. मास्तर असो, तलाठी असो नाहीतर आया असो, ज्यानं त्यानं आपापल्या वाटणीच्या बायका आणून शिबिरात उभ्या करायच्या. गोदाबाईनं गल्लीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या नेल्या, तरी एक कमी पडली. म्हणून मग घरातलीच काढली. चंद्रभागेला तीन पोरं झाली होती, चौथं नको होतं, पण चाकूची भीती वाटत होती.

"मुंगी चावल्यागत व्हतंय," गोदाबाई म्हणाली. "आन पान्याची काळजी करू नगंस. पंधरा दिस तुझं पानी मी भरीन."

चंद्रभागा गेली. शिबिरातून संध्याकाळी टेम्पोनं घरी आली. पोटाला टाके, हातात सरकारनं खुशीनं दिलेली स्टीलची बादली. तीन दिवस गोदाबाईनं पाणी भरलं. चौथ्या दिवशी तिच्या सूतिकागृहात एका शिबिरावर दुसरं शिबिर चढलं, डबल ड्यूटी लागली, आणि पाण्याचं तिच्या ध्यानातून पार गेलं. चंद्रभागेनं वाट बघितली. नळ जायची वेळ झाली. पोरं तहानलेली. तिनं हंडा उचलला आणि टाके उसवले. पुढं दोन महिने पू वाहत होता.

गोदाबाई बघायला आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चवथ्या दिवशी तर समद्याच उठत्यात बया."

टाके पुढं कधीतरी भरून आले. ते वाक्य नाही आलं. चंद्रभागेनं बादली उचलली, गोदाबाईच्या खिडकीखाली नेऊन आपटली, आणि तिथून पुढं ती बादलीशी बोलायला लागली.

आता मेट्रन.

गोदाबाई रिटायर झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक मांजरी तिच्या दारात येऊन उभी राहिली. काळीकुळकुळीत, डोक्यावर तेवढा टोपीएवढा पांढरा ठिपका, आणि मान अशी ताठ, की वॉर्डाचा राउंडच निघालाय. आत आली, खाटेखाली बघितलं, मोरीत बघितलं, नापसंती दाखवली आणि खाटेवर चढून बसली. गोदाबाईनं तिथल्या तिथं नाव ठेवलं: मेट्रन. बत्तीस वर्षं सूतिकागृहातल्या ज्या बड्या शिस्टरपुढं मान खाली घातली, तिला 'चल हट, मेल्ये' म्हणायचं सुख पेन्शनीत मिळत नाही.

मेट्रननं तीन वर्षांत तीन बाळंतपणं उरकली. अकरा पोरं. तिसरं बाळंतपण डिसेंबरात झालं, ते सोनालीच्या लॅपटॉपच्या बॅगेत.

सोनाली ही गोदाबाईची नात. आईबाप चिंचवडला, ही आजीकडं राहते, कारण कल्याणीनगरातलं ऑफिस इथून चालत पंधरा मिनिटं. काचेची इमारत, आत इतका थंडावा की मार्चमध्येसुद्धा स्वेटर लागतो. नोकरी लागली तेव्हा गोदाबाईनं विचारलं होतं, "काम काय गं तुझं?"

"टेस्टर आहे आजी. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या."

"म्हंजी सासू," गोदाबाई म्हणाली. "आन त्याचा पगार देत्यात?"

पिल्लं सोनालीनं ऑफिसात वाटली. मग तिनंच विषय काढला, की मेट्रनचं ऑपरेशन करून घेऊ. गोदाबाईला वाटलं होतं नातीची समजूत घालावी लागेल. उलट तीच जास्त पेटली. जुनी सवय. "आगं करूच. अकरा झाली म्हंजी काय थोडी झाली? हिला लाल त्रिकोन ठाव न्हाई का?" आणि महिनाही नेमका मार्चच होता.

डॉक्टर शनिवार पेठेतले. बद्रीनाथ पोंक्षे. दवाखान्यात पाटी होती: 'मांजराचे वय अंदाजे सांगू नये. माहीत नसल्यास माहीत नाही म्हणावे.' गोदाबाईला तो माणूस पाटीवरूनच आवडला. ऑपरेशन झालं. मेट्रन टोपलीत, जीभ बाहेर काढून, दारू प्यायल्यासारखी पडली होती. पोटावरचे केस भादरलेले आणि तिथं पाच टाके. डॉक्टरांनी चष्म्यावरून दोघींकडे बघितलं.

"दहा दिवस. उडी नाही, पळणं नाही, जिना नाही, आंघोळ नाही. टाके चाटायचे नाहीत, म्हणून गळ्यात ही कॉलर. शी-शूच्या ट्रेमध्ये माती घालू नका, कागद फाडून घाला, माती टाक्यांत जाते. सकाळ-संध्याकाळ टाके बघायचे. सूज वाढली, पू आला, रक्त आलं, तर फोन करायचा. काही नाही आलं, तर फोन करायचा नाही."

"धा दिवस?" गोदाबाई म्हणाली.

"दहा. आपल्याला मोजता येतं ना?"

"डाक्टरसाहेब, मी बत्तीस वर्षं आपरेशनच्या बाया सांभाळल्यात. चवथ्या दिवशी उठून धुनं धुवत व्हत्या."

"धूत होत्या हो. बऱ्या झाल्या होत्या असं कोण म्हणालं?"

सोनालीनं आजीकडं बघितलं. आजी मान खाली घालून टोपलीतला कपडा सारखा करत होती. हे तिनं पहिल्यांदाच बघितलं.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "माणसाची तापाची गोळी हिला द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. मरते. मी लिहून दिलंय तेवढंच औषध."

गोदाबाईनं पदराची गाठ हळूच मुठीत लपवली. गाठीत तापाची अर्धी गोळी होती.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. टोपली बघून बायका गोळा झाल्या. सोनालीनं शहाणपणा करून सगळ्यांना सगळं सांगितलं: दहा दिवस, आराम, कॉलर, औषध. चंद्रभागा आपल्या दारात बादली घासत होती. घासायची थांबली.

"ऐकलंस का गं बादले? मांजरीला धा दिवस आराम हाय. खाटंवर. दूध बशीतनं. आपल्याला चवथ्या दिवशी हंडा व्हता, न्हाई का गं?"

सगळ्या बायकांना गोष्ट ठाऊक होती.

"आन हे बी ध्यानात ठेव," चंद्रभागा बादलीच्या बुडाकडं बघत म्हणाली, "धा दिवस जायचे न्हाईत. टाकं उसवत्यात बघ. तिच्या हातचं टाकं टिकत न्हाईत."

एरवी गोदाबाई भिंतीला काहीतरी सणसणीत सांगितल्याशिवाय राहिली नसती. आज ती टोपली उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. पाच टाके. त्यातला एक जरी सुटला, तर चंद्रभागा गल्लीसमोर खरी ठरणार होती. त्याचं एवढं काही नाही; गल्ली काय, आठ दिवसांत दुसरं काही चघळायला घेते. पण ती गोदाबाईच्या मनातसुद्धा खरी ठरणार होती, आणि ते मन घेऊन पुढची वर्षं काढायची होती.

त्या संध्याकाळी दहा बाय बाराच्या खोलीचा वॉर्ड झाला. स्टूल बाहेर गेलं, म्हणजे चढायला काही नको. फळीवरचे डबे खाली आले. सोनालीच्या ऑफिसातली रद्दी फाडून ट्रे भरला. "अमेरिकेच्या कामाचा कागद हाय, नीट बस," गोदाबाईनं पेशंटला बजावलं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चार्ट आखला: खाणं, लघवी, शी, टाके. बत्तीस वर्षं शिस्टरा चार्ट भरायच्या आणि ही नुसती बघायची. आता पेन हिच्या हातात. शीच्या रकान्यात पहिल्या दिवशी शून्य आलं, तेव्हा ती इतकी काळजीत पडली, की सोनालीला म्हणाली, "एनिमा द्यावा का गं?"

"आजी, हात लावू नकोस. प्लीज."

कॉलरचं मात्र जमेना. गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं घालून मेट्रन मागं मागं चालायची. भिंतीला पार्श्वभाग टेकला, की तिथंच उभी राहून समोर बघत राहायची. असं, की राउंडला आले आणि वॉर्डच चोरीला गेला. पाणी पिताना नरसाळं बशीवर आपटायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाबाईला ते बघवेना. तिनं नरसाळं काढलं, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि बाळंतिणीचं बांधतात तसं मेट्रनचं पोट करकचून बांधलं.

मेट्रन उभी होती ती एका कुशीवर कोसळली. पाय ताठ. डोळे सताड उघडे.

गोदाबाईनं हाक मारली. नाव बदलून हाक मारली. मिशीला हात लावला. काही नाही. ती तशीच कोपऱ्यावरच्या रुपयाच्या डबा-फोनकडं पळाली. एकसष्टाव्या वर्षी, पायात चप्पल नाही, हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"डाक्टर, मांजरी गेली वो."

"श्वास चालू आहे?"

"श्वास चालू हाय."

"मग गेली नाही. काय केलंत?"

"पट्टा बांधला पोटाला."

"कसा?"

"बाळंतिनीला बांधत्यात तसा. घट्ट."

पलीकडं पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"बाई, ती बाळंत झालेली नाही. ती यापुढं कधीच बाळंत होऊ नये म्हणून आपण माझ्याकडं आला होतात. पट्टा सोडा. मांजराच्या अंगावर काही बांधलं, की ते असं आडवं पडतं. मेल्याचं नाटक असतं ते. कॉलर नकोच असेल, तर जुन्या मऊ कापडाची अंगी शिवा, पायांना चार भोकं, आत दोन बोटं जातील इतकी सैल. शिवता येतं ना?"

झबली! गोदाबाईनं आयुष्यात दुसरं काय शिवलं होतं? फोनवरून परतून पट्टा सोडला, तसं मेलेलं मांजर उठलं आणि तिच्या अंगठ्याला चावलं. गोदाबाईला इतका आनंद झाला, की तिनं त्याला दोन शिव्या दिल्या. संध्याकाळपर्यंत झबलं तयार. पिवळं, बारीक फुलांचं, पाठीवर नाड्या. ते घालून मेट्रन पुन्हा एकदा आडवी पडली, तासभर मेली, मग भूक लागली म्हणून उठली.

सोनाली कामावरून आली आणि दारातच हसत खाली बसली. "आजी, फोटो काढते. ऑफिसच्या ग्रुपला मेल करते."

"पेशंटचा फोटो काढायचा न्हाई," गोदाबाई म्हणाली. "शिस्तीत ऱ्हा."

चौथा दिवस उजाडला. मेट्रन सकाळीच टुणकन उभी. डोळ्यांत चमक, शेपटी वर, नजर माळ्यावर. गोदाबाईला बरं वाटलं. बघा, चौथ्या दिवशी उठली की नाही. तिनं झबल्याच्या नाड्या सोडल्या, मेट्रनला मांडीवर उताणी घेतली आणि चार्टसाठी टाके बघितले.

टाके लाल होते. कडेला जरा सुजलेलं. बोट नुसतं शेजारी टेकवलं, तर मेट्रन कळवळली. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून काही जास्त नव्हतं. चौथ्या दिवशीची जखम अशीच असते. पण गोदाबाई बघतच राहिली. बत्तीस वर्षांत तिनं हजारभर टाके बघितले असतील, ते पहिल्या दिवसाचे. फार तर दुसऱ्या. त्यानंतर बाई टेम्पोत बसून घरी जायची आणि त्या खाटेवर दुसरी यायची. चौथ्या दिवशीचा टाका तिनं कधी बघितलाच नव्हता. उठा म्हणून तेवढं सांगितलं होतं.

ती बराच वेळ मांजर मांडीवर घेऊन बसली. समोरच्या दारात चंद्रभागा लसूण सोलत होती. गोदाबाईनं भिंतीला काही सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

सहाव्या दिवशी सोनाली सकाळी साडेपाचलाच गेली. तिच्या ऑफिसात मार्चअखेरीचं काहीतरी अमेरिकेला पोचवायचं होतं. "टार्गेट आहे आजी," ती म्हणाली, आणि गोदाबाई म्हणाली, "जा बाई जा. मार्च कुनाला सोडत न्हाई." सहाला नळ आला. त्या दिवसांत वीस मिनिटं यायचा, धार करंगळीएवढी. घरात घोटभर पाणी नव्हतं. गोदाबाईनं मेट्रन झोपलीय बघितलं, खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि दोन हंडे घेऊन गेली. रांगेत तिच्या मागंच चंद्रभागा होती. बादली दोघींच्या मध्ये.

पंधरा मिनिटांत गोदाबाई परत आली. जमिनीवर पिवळं झबलं पडलं होतं. नाड्या कुरतडलेल्या. मेट्रन नव्हती.

खाटेखाली नाही. मोरीत नाही. मग तिनं वर बघितलं. ट्रंक, ट्रंकेवरून फळी, फळीवरून माळा, आणि माळ्याच्या वर, पत्र्याखाली, केबलवाल्यानं वायर आत घ्यायला पाडलेलं भोक. शंभर चॅनेल दिसावेत म्हणून तिनंच मोठं पाडून घेतलं होतं. भोकाच्या कडेला काळे केस चिकटलेले.

"मेट्रन! ए मेट्रन!"

गल्लीभर हाका. गटारीत बघितलं, हातगाडीखाली बघितलं, पाण्याच्या टाकीमागं बघितलं. "शिस्टरलाबी बोलवा की," कुणीतरी रांगेतून ओरडलं. गोदाबाईनं शिवीसुद्धा दिली नाही. तिच्या डोळ्यांसमोर पत्र्याची धार आणि ते लाल टाके होते. ती नळापाशी आली आणि थांबली.

नळाखाली चंद्रभागेची बादली होती. भरून वाहत होती. दोन बायका बाजूला उभ्या राहून आश्चर्यानं तिच्याकडं बघत होत्या. तेवीस वर्षांत ती बादली कुणी एकटी बघितली नव्हती.

गोदाबाई वळली. चंद्रभागेचं दार आतून ओढलेलं होतं. हे दार तिनं तेवीस वर्षं ओलांडलं नव्हतं. तिनं ढकललं.

चंद्रभागा भिंतीला टेकून गोधडीवर बसली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं, त्यातून पांढऱ्या टोपीचं एक संतापलेलं डोकं बाहेर. चंद्रभागेच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल रेघा, एकीतून रक्त ओघळत होतं. गोदाबाईला बघून तिनं तोंड उघडलं आणि सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी बादली नव्हती. बादली नळाला. खोलीत एक मांजर होतं, पण त्याचं काही ऐकायचं मन दिसत नव्हतं.

"दार लाव आधी," चंद्रभागा म्हणाली. "पळंल."

गोदाबाईनं दार लावलं.

"तुझ्या पत्र्यावर बसली व्हती. खाली झेप घ्यायच्या बेतात. म्या खालनं वरडले तर घेतलीच तिनं. झेलली मंग." चंद्रभागेनं गाठोडं आवळलं. "कशाला गेलती तू मोकळी सोडून?"

"पान्याला."

"पान्याला," चंद्रभागा म्हणाली.

मेट्रन गुरगुरत होती. मग चंद्रभागेनं टॉवेल बाजूला केला आणि मांजरीचे पुढचे दोन पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात धरले.

"मोज."

गोदाबाई गुडघ्यांवर बसली. चष्मा घरी होता. नाक पोटाला लागेल इतकी वाकली. "एक. दोन. तीन. चार." एका टाक्याच्या कडेला रक्ताचा थेंब आला होता, दोऱ्याचं टोक जरा ओढलेलं. गाठ मात्र धरून होती. "पाच."

"पुन्ना मोज. नीट."

तिनं पुन्हा मोजले. पाचच होते.

"माझं कुनी मोजलं न्हाईत," चंद्रभागा म्हणाली.

गोदाबाई तशीच वाकलेली. मांजरीच्या पोटाशीच म्हणाली, "पंधरा दिस पानी भरीन म्हनले व्हते."

"म्हनली व्हतीस."

"इसारले."

"ठाव हाय."

"आन चवथ्या दिवशी दुखतंय. लई दुखतंय. मला ठाव नव्हतं."

"मला व्हतं," चंद्रभागा म्हणाली. मग तिनं मेट्रनला गोदाबाईच्या ओटीत ढकललं आणि आपले दोन्ही हात पुढं केले. "ह्ये बघ. डाक्टर किती दिवस म्हनलाय?"

"धा. पर त्ये टाक्याला. ओरखड्याला न्हाई."

"मला शिकवू नगंस. धा दिवस म्हंजी धा दिवस. आजपासनं. उडी न्हाई, पळनं न्हाई, हंडा न्हाई." तिनं भिंतीला पाठ टेकली, पाय लांब सोडले. "बादली नळाखाली हाय. जा, नळ जाईल."

गोदाबाईनं मांजर खाकोटीला मारलं आणि बादली आणायला गेली. गल्लीनं बघितलं. रांगेतल्या एकीनं विचारलं, "काय वो मावशी, ही तर चंद्रभागाकाकूची?" गोदाबाई म्हणाली, "पेशंट आजारी हाय."

त्याच दुपारी तिनं चंद्रभागेला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. मांजराचे ओरखडे म्हटल्यावर इंजेक्शन आलंच. एक नाही, पाच. बाकावर बसल्या बसल्या चंद्रभागेनं विचारलं, "कसं असतंय गं ते?"

गोदाबाईच्या जिभेवर मुंगी आली होती. बत्तीस वर्षांची मुंगी. तिनं ती गिळली.

"दुखतंय," ती म्हणाली. "दंड दोन दिस वर व्हत न्हाई."

चंद्रभागेचा चेहरा एकदम उजळला. "दंडच वर होनार न्हाई? मंग आक्का, धा दिवसांत कसं भागंल?"

आक्का म्हणून हाक तेवीस वर्षांनी आली होती, आणि ती सुद्धा मुदत वाढवून मागायला.

दहाव्या दिवशी डॉक्टर पोंक्षेंनी मेट्रनचे टाके काढले. पोटावर बोट फिरवलं, झबलं उलटंसुलटं करून बघितलं, चार्टवरचे शीचे रकाने वाचले. "छान भरलीय जखम," ते म्हणाले. "मध्ये कुठं उडीबिडी?"

"एक," गोदाबाई म्हणाली. "जावंनं झेलली."

"जाऊबाईंना सांगा, पुढच्या वेळी टॉवेल आधी टाकायचा."

घरी आल्यावर मेट्रननं पहिलं काय केलं असेल, तर माळ्यावर उडी मारली. तिथून खाली सगळ्यांकडं बघितलं आणि पाय वर करून, दहा दिवसांचं साठलेलं चाटणं चाटायला बसली.

चंद्रभागेचे दहा दिवस त्यानंतर पाच दिवसांनी, हिशेबानं, संपायला हवे होते. ते संपले नाहीत. चौथं इंजेक्शन बाकी आहे असं ती म्हणाली. ते झाल्यावर खांदा भरून आलाय असं म्हणाली. एप्रिल लागला. रोज सहाला नळ येतो, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी चंद्रभागेच्या खिडकीखाली बादली ठण्णकन आपटते. आपटणारी गोदाबाई.

"भरली गं बया तुझी बादली. उठ आता. चवथा आठवडा लागला."

आतून गोधडीतनं आवाज येतो, "हळू आपट, आक्का. पेशंट झोपलंय."